निजेला धोंडा पुरत नाही

(तुमसर येथे, रोवणीची कामं आटोपल्यावर भरलेल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



सभा अकराची होती, सुरू व्हायला बारा वाजले. त्याबद्दल मी कुणालाच बोल लावणार नाही. पाणी भरून, स्वयंपाक उरकून, म्हाताऱ्या माणसांचं पाहून, लेकरू कडेवर घेऊन तुम्ही आलात. समोर पाहते तर दहा-बारा लेकरं आयांच्या मांडीवर गाढ झोपली आहेत. त्यांना उठवू नका. आज मला त्यांच्या झोपेबद्दलच बोलायचं आहे.

हा विषय मी निवडलेला नाही. मागच्या बैठकीत विड्या वळणारी एक बाई सगळ्या निघून गेल्यावर मागे थांबली. म्हणाली, "ताई, माझं लेकरू डोक्यानं कमी आहे का हो?" मुलगा चार वर्षांचा. अंगणवाडीत पेंगतो, आज शिकवलेलं उद्या आठवत नाही, लहानशा गोष्टीवरून रडारड करतो. शेजारपाजारचे त्याला 'मंद' म्हणू लागले होते. मी विचारलं, रात्री झोपतो किती वाजता? ती म्हणाली, "मी झोपते तेव्हा." आणि तू कधी झोपतेस? "हजार विड्या पुऱ्या झाल्या की." म्हणजे अकरा, कधी बारा. खोली एकच, दिवा एकच. नवरा पिऊन आला की त्यानंतरचा तास वेगळाच. सकाळी पाचला ती उठते, मग भांड्यांच्या आवाजानं तोही उठतो. दुपारी शेजारच्या टीव्हीसमोर बसलेला असतो.

हिशेब केला तर त्या लेकराची झोप सहा तासांच्या आत-बाहेर भरली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी झोपेचं माप सांगितलं आहे. ते लक्षात ठेवा. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास. एक-दोन वर्षांच्या लेकराला ११ ते १४ तास. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. दुपारची झोप यात धरलेली आहे. म्हणजे त्या मुलाला जेवढी लागते त्याच्या निम्मीच मिळत होती. अर्धपोटी लेकराला आपण 'अशक्त' म्हणतो, 'आळशी' म्हणत नाही. मग अर्धझोपेच्या लेकराला 'मंद' का म्हणायचं?

आपल्यात म्हण आहे, 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा'. भूक लागली की कोंडाही गोड लागतो, झोप आली की दगडावरही डोळा लागतो. दिवसभर चिखलात वाकून धान रोवलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको. पण ही म्हण मोठ्या माणसाची आहे. लेकराला झोप येतेच, प्रश्न तो नाही. ती पुरी होते का, हा प्रश्न आहे.

लेकराच्या झोपेत होतं तरी काय? आपल्याला वाटतं, झोपलं म्हणजे थांबलं. तसं नाही. बाळ झोपेत हसतं तेव्हा आज्या म्हणतात, सटवाई हसवते. त्या वेळी नीट पाहिलं तर पापण्यांखाली डोळे हलताना दिसतात. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या यूजीन असरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन या संशोधकांनी ही डोळे हलणारी झोप जगापुढे मांडली. या झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणीइतकाच कामात असतो. नवजात बाळाची निम्मी झोप या जातीची असते, मोठ्या माणसाची पाव-एक भाग. जन्मताना बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पावपट असतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तो सुमारे ऐंशी टक्के होतो. एवढं मोठं बांधकाम चालू असताना बाळ झोपून राहतं ते उगाच नाही. बांधकामाचा मोठा भाग झोपेतच होतो.

दुसरं काम आठवणीचं. तुमसरचा धानाचा बाजार तुम्हाला ठाऊक आहे. हंगामात आवारात पोती येत राहतात. आलेलं पोतं वेळेवर गोदामात गेलं नाही तर आवार भरून जातं, नव्याला जागा राहत नाही, आणि पाऊस आला तर उघड्यावरचं भिजतं. मेंदूचंही तसंच. दिवसभर पाहिलेलं, ऐकलेलं, शिकलेलं आधी आवारात येऊन पडतं. ते गोदामात पक्कं रचून ठेवायचं काम झोपेत होतं. मोठ्या माणसाचं आवार मोठं, त्याला रात्रीची एक खेप पुरते. लहान लेकराचं आवार लहान, ते दुपारपर्यंतच भरतं. म्हणून त्याला दुपारीही झोप लागते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रिबेका स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे बालवाडीतल्या ४० मुलांवर तपासलं. कोणतं चित्र कुठल्या चौकटीत आहे, हे लक्षात ठेवायचा खेळ सकाळी खेळवला. एका दिवशी दुपारी मुलांना झोपू दिलं, दुसऱ्या एका दिवशी त्याच मुलांना जागं ठेवलं. जागं ठेवलेल्या दिवशी मुलं जास्त विसरली. पुढची गोष्ट महत्त्वाची. ज्यांना रोज दुपारी झोपायची सवय होती, त्यांचं नुकसान त्या रात्रीच्या झोपेनंही भरून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं तरी फरक होताच.

याहून लहान बाळांचंही तेच. जर्मनीतल्या सबीने झेहागेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या बाळांना एका बाहुलीच्या हातातला मोजा काढून हलवायची करामत दाखवली. हा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. त्यानंतर चार तासांच्या आत निदान अर्धा तास सलग झोपलेल्या बाळांना करामत आठवली, न झोपलेल्यांना नाही. ॲरिझोना विद्यापीठातल्या रिबेका गोमेझ यांनी २००६ मध्ये पंधरा महिन्यांच्या बाळांना एक बनावट भाषा ऐकवली. ऐकल्यावर झोपलेल्या बाळांना त्या भाषेतल्या शब्दांमागचा नियम उमगला. ऐकलेलं आठवणं वेगळं आणि त्यातला नियम ओळखणं वेगळं. आपण अक्कल म्हणतो ती या दुसऱ्यातून येते.

हे वाचलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. तरुणपणी मी बालवाडी चालवत होते. डुलक्या घेणाऱ्या मुलाच्या कानाशी टाळी वाजवायची, "झोपायचं तर घरी जा" म्हणायची. पाहायला आलेल्यांनी मुलं झोपलेली पाहिली तर बाई काम करत नाही असं म्हणतील, ही भीती. ज्या कामासाठी मला पगार मिळायचा त्यातलं अर्धं मी टाळी वाजवून पुसत होते.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकायला जड आहे. घरात मारहाण होते, शिवीगाळ होते, तेव्हा आपण स्वतःची समजूत घालतो, लेकरू झोपलंय, त्याला काय कळतं. २०१३ मध्ये ओरेगॉन विद्यापीठात ॲलिस ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ते बारा महिन्यांच्या बाळांना गाढ झोपेत मेंदूचं चित्र टिपणाऱ्या यंत्रात ठेवलं आणि वेगवेगळ्या सुरातले आवाज ऐकवले. ज्या घरात आईबापांची भांडणं जास्त, त्या घरातल्या बाळांच्या मेंदूचे ताण ओळखणारे भाग संतापलेल्या आवाजाला जास्त उठत होते. बाळ झोपलेलं होतं, मेंदू ऐकत होता. कुणी याचा अर्थ असा लावू नये की बाईनं लेकरासाठी मार मुकाट्यानं खावा. अर्थ उलटा आहे. मारणारा हात आणि ओरडणारा गळा लेकराच्या डोक्यातही शिरतो. दारूविरुद्ध, मारहाणीविरुद्ध आपण उभ्या राहतो तेव्हा 'नवराबायकोचा खासगी मामला' म्हणणाऱ्यांना हे उत्तर द्या. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा आपल्यासाठी आहे, तसा त्या झोपलेल्या बाळासाठीही आहे.

अंगातल्या रक्ताचाही झोपेशी संबंध आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली जवळपास एकोणसत्तर मुलं रक्तक्षयाची निघाली. चिली देशातल्या अभ्यासांत लोह कमी असलेल्या बाळांच्या झोपेची घडण बदललेली आढळली, आणि औषधानं रक्त भरून निघाल्यावर काही वर्षांनीही तो फरक दिसत राहिला. म्हणून रात्रभर कूस बदलणाऱ्या लेकराला दृष्ट लागली म्हणण्याआधी त्याचं रक्त तपासून घ्या. रोज जोरात घोरणारं, झोपेत श्वास अडकणारं लेकरू असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा. गाढ झोप म्हणजे घोरणं, असं मुळीच नाही.

बायांनो, इथवर ऐकून तुमच्यातल्या काही जणींचे चेहरे उतरलेले मला दिसतात. म्हणजे हेही आमच्याच अंगावर आलं? दूध कमी पडलं, आईचा दोष. वजन भरलं नाही, आईचा दोष. आता झोप कमी पडली, तोही आईचाच दोष? मला नेमकं हेच होऊ द्यायचं नाही. एका रात्रीच्या जागरणानं कुणाचं डोकं बिघडत नाही. लग्नकार्यात, आजारपणात झोपमोड होते, पुढच्या दिवसांत लेकरू ती भरून काढतं. वेगळी खोली, वेगळा पलंग याचीही गरज नाही. नुकसान होतं ते रोजच्या तुटीनं, आणि ती रोजची तूट आईच्या इच्छेनं पडत नाही. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात गेली, पुरुषाची ८८. तीन तास एकवीस मिनिटांचा फरक. लेकराची झोप या फरकात हरवली आहे, आणि आपलीही.

हे आजचं नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात काय चालायचं ते ऐका. कोकणातून, घाटावरून आलेल्या बाया गिरणीत दहा-दहा तास राबायच्या. तान्ह्या बाळाला सांभाळायला कुणी नाही. मग त्याला बाळगोळी द्यायच्या. बाळगोळीत असायची अफू. १९२२ मध्ये मुंबई सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांनी गिरणी कामगार बायांची पाहणी केली. या बायांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव आया काही दुष्ट नव्हत्या. गिरणीचा भोंगा त्यांना थांबू देत नव्हता. अफूनं आलेली झोप ही झोप नव्हे. श्वास मंदावतो, भूक मरते, डोळे हलणारी झोप दबते. बाळ गप्प पडून राहायचं आणि वाळत जायचं.

आज अफू नाही, पण तिची जागा घेऊ पाहणाऱ्या गोष्टी घरात आहेत. एक मोबाईल. दोन वर्षांखालच्या लेकराला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झोपायच्या आधीचा तास तर मुळीच नको. दुसरी, झोप यावी म्हणून दिलं जाणारं सर्दी-खोकल्याचं औषध. असं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना सर्दीच्या एका जोड-औषधाबद्दल केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये काढली. २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी औषधानं लेकरं दगावली. ती त्यांना झोपेसाठी दिलेली नव्हती, आजारपणात दिली होती. पण दुकानातून आणलेली बाटली बिनधास्त तोंडाला लावू नये, एवढं तरी त्यातून शिकावं. डॉक्टरांनी दिल्याशिवाय एक थेंबही नको.

मग उपाय काय? उपाय त्या काळीही ठाऊक होता, आजही आहे. पाळणाघर.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या आदिवासी मुलखात गेल्या. मुली शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्यांना मुलींच्या कडेवरच दिसलं. कडेवर धाकटं भावंड होतं. म्हणून त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. तान्हं पाळण्यात झोपतं, मधलं बालवाडीत खेळतं, मोठी बहीण वर्गात बसते. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायांच्या लेकरांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केलं. इमारत लागली नाही. सावली, स्वच्छ चटई, पाणी आणि लक्ष देणारी बाई, एवढ्यावर काम सुरू झालं.

मोठ्या बहिणीला मात्र विसरू नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलीला रात्री नऊ तास तरी झोप हवी. आपल्याकडे आठ-दहा वर्षांची पोर पहाटे आईबरोबर उठते, रात्री भावाला थोपटत बसते आणि वर्गात पेंगते. भावाला कुणी उठवत नाही. घरातली झोपही मुलगा-मुलगी पाहूनच वाटली जाते.

कायदे काय सांगतात? १९४८ च्या कारखाने कायद्यानं पन्नासहून जास्त बाया असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६ मध्ये ती अट तीसवर आणली. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही पाळणाघर होतं, पण कारखान्याच्या छपराखाली पन्नासहून जास्त बाया काम करत असतील तर. आपल्या विड्या कुठे वळल्या जातात? घरात, मांडीवर सूप घेऊन. तंबाखूची भुकटी लेकराच्या नाकात जाते आणि कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही पन्नास कामगारांची अट आहे. रोवणीला दहा-पंधरा बायांची टोळी जाते. तिला कोणती संहिता लागू? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असली तर त्यांना सांभाळायला मजुरीवर एक बाई ठेवायची तरतूद केली होती. अशी बाई कामावर कुणी पाहिली? हात वर करा. ... पाहा, मोजायला वेळ लागला नाही.

२०२२ पासून केंद्राच्या 'मिशन शक्ती'त 'पाळणा' नावाची योजना आहे. अंगणवाडीलाच दिवसभराचं पाळणाघर जोडायचं, त्यासाठी वेगळी सेविका आणि मदतनीस ठेवायची. आपण हे मागायचं. ग्रामसभेत ठराव मांडायचा, आपल्या गावाला अंगणवाडी-पाळणाघर हवं. विडी वळणाऱ्या बायांच्या वस्तीत हवं, डोंगरी बुजुर्ग, चिखल्याच्या खाणींभोवतीच्या मजूर वस्त्यांत हवं. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत ते सकाळी सातपासून दिवे लागेपर्यंत उघडं हवं, कारण धुऱ्यावर लुगड्याच्या झोळीत लेकरू झोपलं तरी ऊन, पाऊस आणि विंचूकाटा त्याला झोपू देत नाही. आणि हे काम आधीच्याच अंगणवाडीताईच्या डोक्यावर फुकट टाकू द्यायचं नाही. एका बाईची झोप घेऊन दुसरीच्या लेकराला झोप द्यायची नाही.

घरात उद्यापासून काय करता येईल? लेकराच्या झोपेची वेळ ठरवा आणि ती घरातल्या सगळ्यांना सांगा. त्या वेळी टीव्ही बंद, दिवा आडोशाला, मच्छरदाणी लावलेली. तान्ह्याला उताणं झोपवा, पालथं नको. प्यालेल्या माणसाशेजारी बाळाला कधीही झोपवू नका. आणि रात्री बाळाला थोपटायची पाळी बापाची लावा. बापाला दूध पाजता येत नाही, हे खरं. थोपटता मात्र येतं. पहिले आठ दिवस कुरकुर होईल, बाळाची नाही, बापाची. होऊ द्या.

त्या विडीवाल्या बाईचं पुढे काय झालं, ते तुम्ही विचारालच. अंगणवाडीताईनं त्या मुलाला दुपारी कोपऱ्यात चटई टाकून दिली. बाईनं दिव्याला पुठ्ठ्याचा आडोसा केला, नऊला त्याला निजवू लागली. मुलगा एकदम हुशार झाला, असं काही मी सांगणार नाही. चिडचिड कमी झाली, आदल्या दिवशीची गोष्ट तो दुसऱ्या दिवशी सांगू लागला. त्याला आता कुणी 'मंद' म्हणत नाही. पण ती स्वतः अजून बारालाच झोपते. हजार विड्यांचा दर वाढेपर्यंत आणि घरकाम वाटून घेतलं जाईपर्यंत ती बारालाच झोपणार. म्हणून तिच्यापुरतं आपलं काम निम्मंच झालं आहे.

ठराव कागदावर लिहून आणला आहे. सह्या आणि अंगठे देऊन जा. आणि टाळ्या वाजवू नका. लेकरं झोपली आहेत.